काळ्या जिभेची

स्पर्धा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच धाकटीने तिला नावं ठेवायला घेतली. तिला त्यासाठी मुहूर्त लागत नसे. दोन चेंडूंच्या मध्ये साबण, दोन षटकांच्या मध्ये सिमेंट, आणि गडी बाद झाला तर त्याचं दुःख करायच्या आत कुणीतरी येऊन बनियन विकून जातो. काचेच्या टेबलामागे कोट घातलेले चार जुने खेळाडू बसतात आणि घडून गेलेल्या प्रत्येक गोष्टीला 'मला वाटलंच होतं' म्हणतात. सलामीचा पोरगा असा उभा राहतो की जणू फोटो काढून घ्यायला आलाय. कप्तान माणसं लावतो ती घरात अचानक पाहुणे आल्यावर खुर्च्या लावाव्यात तशी, जिथे जागा दिसेल तिथे. झेल सोडण्यात मात्र सगळ्या संघाचं एकमत.

हे सगळं ती शर्टांना सांगायची. पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान, मधल्या खोलीत टीव्ही, आणि दोहोंच्या मध्ये एक दार. वडील गेले तेव्हा दुकान धाकटीकडे आलं आणि टीव्ही दादाकडे. वाटणी कुणी केली नव्हती. ज्याचा हात जिथे पडला तिथेच तो राहिला. खेळ मात्र वडिलांनी तिला शिकवला होता, दादाला नाही. दादाला आवाज शिकवावा लागला नव्हता, तो उपजत होता.

हातात इस्त्री, फळीवर ट्रान्झिस्टर, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. वाफ वर जायची आणि धाकटी गुणगुणायची:

तापली गं इस्त्री, घडी बसे शर्टाला
सुरकुती राहिली गं, दादाच्या या बोलाला

इतका राग धरून ती ही स्पर्धा ऐकत होती, ते एका माणसासाठी. संघातला डावखुरा फिरकीवाला. सगळे त्याला म्हातारा म्हणत, आणि तो साधारण धाकटीच्याच वयाचा होता. तो धावत येत नसे. चालत यायचा, चिंच पाडायला निघालेल्या माणसासारखा, वर कुठेतरी बघत. मग एक छोटीशी उडी, आणि हातातून चेंडू निघायचा तो पाखराला सोडावं तसा. हवेत तो जरा थांबायचा. खरंच थांबायचा, धाकटीने कितीदा पाहिलं होतं. मोठमोठे फलंदाज त्या थांबण्याला फसून पुढे यायचे, आणि तोवर मागे यष्ट्या पडलेल्या असायच्या. त्याचा पहिला सामना तिने वडिलांच्या शेजारी बसून पाहिला होता. यंदा त्याने सांगून टाकलं होतं, ही स्पर्धा शेवटची. संघ ज्या दिवशी हरेल, त्या दिवशी म्हातारा घरी जाईल. तेव्हा त्याचा एकेक चेंडू डोळ्यांनी पाहायचा, एवढंच तिला हवं होतं. आणि नेमकं तेवढंच तिला मिळत नव्हतं.

झालं ते असं. यंदा दादाने जुनी केबल काढून टाकली आणि नेटवर चालणारा भिंतीएवढा टीव्ही आणला. पहिल्याच सामन्यात धाकटी पुढच्या खोलीतून ओरडली, "गेला! अरे मूर्खा, गेला!" मधल्या खोलीत टीव्हीवर कप्तान अजून हातमोजे आवळत उभा होता. पुढच्या चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. दुसऱ्या सामन्यात तेच. तिसऱ्यात तिने तीनदा 'गेला' म्हटलं आणि तिन्ही गेले.

दादा दारात येऊन उभा राहिला. "तू बोलतेस आणि मग तो जातो."

"तो जातो म्हणून मी बोलते."

"काळ्या जिभेची आहेस तू. आईपण म्हणायची."

"आई तुला शहाणा पण म्हणायची. काय काय खरं धरायचं?"

मागून दादाचा मित्र आला. त्याला सगळे कोच म्हणत, कारण त्याने आयुष्यात बॅट धरली नव्हती. तो म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण आकडे बघा. तुम्ही बोललात की विकेट. हा योगायोग नाही."

"आणि काल मी चौकार म्हणाले, षटकार म्हणाले, ते? तेव्हा नाही कुणी सोन्याची जीभ म्हणालं."

"चौकार तो मारतो," दादा म्हणाला. "विकेट तू काढतेस."

त्या दिवसापासून सामना सुरू झाला की मधलं दार आतून बंद. धाकटीने इस्त्री अशी आपटली की टेबल कळवळलं.

आपलं बोलणं विकेटच्या आधी का पडतं, ते तिला त्या दारानेच दाखवलं. एकदा वहिनी चहाचा कप द्यायला दार उघडून आली, आणि त्याच वेळी ट्रान्झिस्टर ओरडला की पलीकडचा सलामीवीर पायचीत. धाकटीने फटीतून टीव्हीकडे पाहिलं. सलामीवीर खेळपट्टीवर बॅट ठोकत उभा होता, एकदम ठणठणीत. त्याला बिचाऱ्याला अजून कळलंच नव्हतं. बघता बघता चेंडू आला, पायावर बसला, पंचाचं बोट वर गेलं. म्हणजे दादाचा भिंतीएवढा टीव्ही अख्खा एक चेंडू मागे चालत होता!

तिने तिथल्या तिथे सांगितलं. दादाने टीव्हीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "काय लिहिलंय? लाइव्ह. लाइव्ह म्हणजे आत्ता."

"तुझं आत्ता शिळं आहे, दादा."

"आणि तुझा तो डबा ताजा? बाबांच्या वेळचा? त्याला सेलोटेप लावलाय, बाई!"

कोच हसून हसून खोकला. वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं म्हणतात ते एकदा बघायला काय हरकत..." दादाने तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तिचं वाक्य कपबशीत राहिलं. दार पुन्हा बंद.

खरं सांगून दार उघडलं नाही. ते उघडलं खोट्याने, आणि खोटं कोचने आणलं. उपांत्यपूर्व सामन्यात समोरच्यांची जोडी जमली होती, हलता हलत नव्हती. पुढच्या खोलीतून धाकटी न राहवून ओरडली, "गेला!" आणि आत एक चेंडूभर वेळ गेल्यावर खरंच तो गेला. कोच उडाला. "अरे, जीभ दोन्ही बाजूंना चालते! आपण येडे! तोफ घरात आहे आणि आपण ती आपल्याच दारावर रोखून बसलोय!"

दादा विचारात पडला. विचार त्याला फार वेळ झेपत नसे. उपांत्य सामन्याच्या दुपारी तो दुकानात आला. "ऐक. आपली फलंदाजी असताना तू इथे. तोंडातून शब्द नाही. ते खेळायला आले की आत यायचं. स्टूल ठेवतो. पण बोलायचं. दर षटकाला बोलायचं."

"आणि नाही बोलले तर?"

"तर मग स्टूल कशाला देऊ?"

विनंती नव्हती ती, आणि धाकटीनेही ती उपकार म्हणून घेतली नाही. पण ते खेळायला येणार म्हणजे म्हातारा टाकणार. तिने तळहाताएवढा ट्रान्झिस्टर पदराआड कमरेला खोचला, त्याची एका कानाची तार वर नेऊन रुमालाखाली दडवली, आणि संध्याकाळी मधल्या खोलीत जाऊन बसली.

पहिल्याच षटकात कानात गर्जना झाली. "गेला," ती म्हणाली. टीव्हीवर गोलंदाज अजून पँटला चेंडू पुसत चालला होता. तो वळला, धावला, टाकला. झेल! दादाने उशी फेकली. कोचने तिच्या स्टुलाला नमस्कार केला. "ताई, माणूस नाही तुम्ही!"

"तुम्हाला पण तसंच वाटतं का?" ती म्हणाली. त्याला ते कळलं नाही.

दुसराही तिने असाच काढून दिला. आता तिला चहा आला, पंखा तिच्याकडे वळला. ज्या घरात काल ती अपशकुन होती तिथे आज तिच्या तोंडाकडे चार डोळे लागले होते, आणि तिला त्या डोळ्यांची कालच्याहून जास्त किळस येत होती.

मग म्हातारा आला.

भिंतीएवढ्या पडद्यावर तो तिने पहिल्यांदाच पाहिला. कानशिलं पांढरी झाली होती. चिंच पाडायला निघाला तसाच चालत आला, वर बघत. पण पाय उचलायच्या आधीच तिच्या कानात रेडिओवरचा माणूस सांगून मोकळा झाला होता: पुढे येऊन खेळला, एक धाव. चेंडू हवेत थांबला; धाकटीसाठी तो थांबलाच नाही. तो कुठे पडणार, काय होणार, तिला ठाऊक होतं. कानाने आधी उष्टा केलेला घास डोळ्यांच्या ताटात वाढला जात होता. तार काढावी तर दादा विचारत होता, "काय? काय दिसतं?" तार काढली की जीभ जाणार, जीभ गेली की स्टूल जाणार. तिने एक षटक तसंच गिळलं. दुसरंही गिळलं. तिसऱ्यात एक गडी बाद झाला, तिने 'गेला' म्हटलं, आणि घर नाचत असताना तिच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याने काढलेली ही विकेट आपण पाहिलीच नाही, नुसती कळवली.

सामना शेवटच्या षटकापर्यंत गेला. कप्तानाने म्हाताऱ्याचं एक षटक राखून ठेवलं होतं. शहाणपणाने म्हणावं तर त्याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं, विसरला असेल. समोरच्यांना आठ धावा हव्या होत्या. चेंडू म्हाताऱ्याच्या हातात आला.

धाकटीने रुमाल सोडला. तार कानातून काढली, गुंडाळली आणि कमरेला खोचली. कुणीही पाहिलं नाही. सगळे टीव्हीकडे बघत होते.

"बोल आता," दादा म्हणाला.

ती बोलली नाही. म्हातारा आला. उडी. चेंडू सुटला, आणि थांबला. देवा, थांबला! घार वाऱ्यावर थांबते तसा. फलंदाज बॅट फिरवून बसला, चेंडू नंतर आला.

"बोल ना! जीभ झिजते का?"

पुढच्यावर दोन धावा. त्यापुढच्यावर एक. मग एक हुकला. मग पुन्हा दोन. प्रत्येक वेळी तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसण्याचं ते सुख तिच्या अंगभर कापरासारखं पेटत होतं, आणि शेजारी दादा तिच्या दंडाला धरून हलवत होता. "अगं म्हण! एकदा गेला म्हण! तुला काय कमी पडतंय?"

एक चेंडू, हव्या तीन धावा. म्हातारा चालत आला. यावेळी त्याने वर पाहिलं नाही. चेंडू इतका उंच सोडला की पडद्याबाहेर गेल्यासारखा झाला. फलंदाज धावत पुढे आला, पार पुढे, आणि चेंडू त्याच्यासमोर पडून नागासारखा वळला. बॅट एकीकडे, चेंडू दुसरीकडे, फलंदाज भलतीकडे. असा चेंडू धाकटीने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मागे यष्टिरक्षकाने नुसता तो धरायचा आणि यष्ट्यांना लावायचा होता. त्याने तो सोडला. त्याच्या पायांमधून चेंडू निघाला आणि मागे कुणी नसलेल्या मैदानात सीमेपर्यंत निवांत घरंगळत गेला.

मग सगळे एकदम बोलले, आणि सगळं तिलाच.

"मुद्दाम!" दादा उभा राहिला. त्याच्या मानेची शीर तटतटली होती. "मुद्दाम गप्प बसलीस. सूड घेतलास!"

"आकडे बघा," कोच म्हणाला. "बोलल्या तेव्हा तीन विकेट. गप्प बसल्या, हरलो."

"यष्टिरक्षकाने चेंडू सोडला," धाकटी म्हणाली.

"तू त्याला सोडायला लावलास! हो घराबाहेर! पुढच्या खोलीत हो!"

पडद्यावर समोरचे नाचत होते. त्यांच्या पलीकडे, कॅमेऱ्याला नको असलेल्या कोपऱ्यात, म्हातारा खेळपट्टीवर वाकला होता. जिथे चेंडू वळला त्या जागेवर त्याने हात ठेवला होता आणि तो तिथेच बसून राहिला होता. पंच त्याची टोपी घेऊन थांबला होता.

दादाने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला.

धाकटीने त्याचं मनगट धरलं. दिवसभर इस्त्री पेलणारा हात होता तो. "थांब."

"सोड! संपलं सगळं!"

"तो अजून आत आहे."

"कोण? सोड म्हणतो ना!"

ती त्याच्या इतक्या जवळ आली की त्याला तिच्या कपड्यांतल्या वाफेचा वास आला असेल. हळू, एकेक शब्द घडी घातल्यासारखा ठेवत ती म्हणाली, "बंद कर. कर ना. मग बघ मी तुझ्याबद्दल काय बोलते ते."

कोच एक पाऊल मागे सरला. ही बाई काय बोलू शकते, आणि बोलली तर काय होऊ शकतं, यावर दादाइतका विश्वास घरात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याने रिमोट खाली ठेवला.

म्हातारा उठला. पंचाकडून टोपी घेतली, ती घातली नाही, हातातच धरली. चालत निघाला, घाई नसलेल्या माणसासारखा. सीमेपाशी पोचेपर्यंत कॅमेरा दोनदा त्याच्यावरून उडाला आणि दोनदा परत आला. धाकटी उभी राहूनच पाहत होती. शेवटी त्याने दोरीवरून पाय टाकला, जिन्याच्या अंधारात शिरला, आणि लगेच साबणाची जाहिरात लागली.

"कर आता बंद," ती म्हणाली.