रंजकदाणीची कळ

संग्रहालयाच्या तपासनीस बाईंनी शिंगाची रंजकदाणी दिव्याखाली आडवी धरली आणि तिच्यावर कोरलेल्या हरणांवरून भिंग फिरवलं. निवृत्त स्टेशनमास्तर समोरच्या खुर्चीच्या टोकावर बसले होते, निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे.

“बंदुकीच्या कानात, म्हणजे बत्तीच्या भोकात, घालायची बारीक दारू यात ठेवत,” बाई म्हणाल्या. “कळ दाबली की चिमूटभरच बाहेर पडते. तुमच्याकडे आली कुठून?”

“पणजोबांनी लढाईत मिळवली म्हणतात. पण आमच्या घराण्यात सगळेच थापाडे, तेव्हा खरं काय ते तुम्हीच सांगा.”

बाई हसल्या. मास्तरांना बरं वाटलं. आपल्या बोलण्यावर कुणी शेवटचं कधी हसलं होतं, ते त्यांना आठवेना. बायको गेल्यापासून घर खायला उठत होतं. ती गेली त्याच आठवड्यात लेकीनं आईचं शिलाई मशीन आपल्या दुकानात नेलं आणि मास्तर तोंडाला येईल ते बोलून बसले. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस म्हणाले. लेकही त्यांचीच, हट्टाला पेटलेली. तीन वर्षं झाली, दोघांत अवाक्षर नाही. आता आपल्यामागे ही वस्तू भंगारात जाऊ नये, एवढंच मास्तरांना हवं होतं. संग्रहालय ती ठेवून घेणार होतं, पण ती कुठली हे ठरलं तरच.

बाईंनी पितळी तोंडाचा जोड बराच वेळ निरखला.

“लढाईबिढाई काही नाही. डोंगरापलीकडच्या शिकाऱ्यांची आहे ही. पळता पळता मागे वळून बघणारं हरीण तिकडचेच कारागीर कोरायचे. आणि तोंडही मूळचंच. नक्षी शिंगावरून पितळेवर सलग गेलीय बघा. आम्ही घेऊ.”

मास्तरांनी सुस्कारा सोडला. एक काम हातावेगळं झालं. मग बाईंनी सहज अंगठ्यानं कळ दाबली. ती टक्कन मागे आली.

“इतकी जुनी कळ अशी चालताना मी पाहिली नाही. तेल कोण घालतं?”

“बायको घालायची. मशीनला तेल घातलं की एक थेंब हिला.”

“आणि आता?”

“आता कोण घालणार? मी एकटाच असतो.”

बाईंनी कापसाचा बोळा कळीच्या सांध्यातून फिरवून त्यांच्यासमोर धरला.

“जुनं तेल चिकट आणि काळं होतं. हे पाण्यासारखं आहे. महिनासुद्धा झाला नसेल. मशीनचंच दिसतंय.”

मास्तर बोळ्याकडे बघत राहिले. घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, हे त्यांना ठाऊक होतं. ते संध्याकाळी फिरायला जात आणि ठरल्या वेळी परत येत. गल्लीतली माणसं पाठीमागे त्यांना ‘टाइमटेबल’ म्हणत. त्यांना चुकवून घरात येणं मुळीच अवघड नव्हतं. मध्यंतरी उसवलेला उशीचा अभ्रा शिवलेला दिसला, तेव्हा आपणच कधीतरी शिवून घेतला असेल, वयाबरोबर विसरायला होतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

“मग ठेवून घेऊ ना?” बाईंनी विचारलं.

“नको.” मास्तरांनी रंजकदाणी उचलून घेतली. “माफ करा, तुम्हाला उगीच त्रास दिला. ही घरात लागते अजून.”

घरी येऊन त्यांनी रंजकदाणी कपाटात होती तिथेच ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुडघा ठणकत होता. घरीच थांबावं, दार उघडल्याबरोबर लेकीचा हात धरावा, असं त्यांना फार वाटलं. पण ती घाबरून पुन्हा आलीच नाही तर? त्यांनी बूट चढवले.

बागेत ते नेहमीच्या बाकावर बसले. निघायची वेळ झाली तसे उठले, चार पावलं गेले आणि परत येऊन बसले. माळ्याला नवल वाटलं.

“काय मास्तर, आज घरी जायचं नाही का?”

“आज गाडी लेट आहे,” मास्तर म्हणाले आणि बाकावर जरा ऐसपैस टेकले.