माझ्याखाली काय वाळतं

मी एक जुना टॉवेल आहे. जन्म सोलापूरचा, नांदलो कोल्हापुरात.

मित्रांनो, टॉवेलानं अंग पुसावं, अशी माझी समजूत होती. काही वर्षं पुसलंही. 'किती मऊ आहे!' असं कौतुक झालं. मग विरलो आणि गच्चीवरच्या तारेवर माझी कायमची नेमणूक झाली. मी कोरडाच असतो. तरी रोज मला उन्हात पसरतात आणि माझ्याखाली भैरवीच्या ओल्या चड्ड्या वाळत घालतात. कोरड्याला ऊन, ओल्याला सावली. यामागं काही शास्त्र असेल, असं मी धरून चाललो. घरात दोन पदवीधर आहेत.

भैरवी अकरावीला. एके दुपारी ती शेजारच्या शबनूरला घेऊन वर आली आणि माझ्या आडोशाला बसून रडायला लागली.

"तिथं लई खाज सुटल्या. पांढरं जातंय, दह्यागत. कॉलेजात व्याख्यानाला आलेल्या त्या बाई म्हणाल्या न्हाईत का, असल्या संसर्गानं एचआयव्हीचा धोका वाढतो? मेलो मी आता!"

"खुळी हायस काय? त्याला आधी काय तरी घडायला लागतंय की. तू केएमटीच्या बसनं जातीस, बसनंच येतीस."

"सीटवरनं झाला असंल तर?"

शबनूरला खात्री नव्हती. मलाही नव्हती. मी तर घरात सगळ्यांची अंगं पुसलेली.

शेवटी दोघी सरकारी दवाखान्यात जाऊन आल्या. भैरवी जिना चढतानाच बोलत होती.

"डॉक्टरीणबाई बुरशी हाय म्हणाल्या, औषधानं जाती. एचआयव्ही सीटवरनं, टॉवेलातनं होत न्हाई. असुरक्षित संबंध, दूषित रक्त, सुई, न्हाईतर आईकडनं बाळाला. शंका असंल तर तपासणी फुकट हाय, पण अंगावर काढू नको म्हणाल्या. आणि दमट चड्डी घालायची न्हाई, उन्हात वाळवायची."

असं म्हणून तिनं मला तारेवरून ओढलं. तेवढ्यात आई वर आली.

"अगं ए, झाक ते! समोरच्या गच्चीवर आकारामभावजी बसल्यात."

"बसू देत की. खाजतंय मला, त्यांना न्हाई."

शबनूरला हसू आवरेना. आई हसली नाही. माझ्या दुसऱ्या टोकाखाली तिचेही कपडे असायचे. ते तिनं झटकले, उन्हात नीट पसरले, एकेक चिमटा लावला. मग तारेकडंच बघत हळूच म्हणाली, "ती डॉक्टरीण कुठल्या वारी बसती गं?"

मित्रांनो, मी इतकी वर्षं नेमकं काय आणि कुणापासून झाकत होतो, ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या तारेवर माझ्यासारखा एखादा कोरडा टॉवेल असेल, तर त्याला फरशी पुसायला द्या. ओलं व्हायला त्याला निदान काही कारण तरी मिळेल.