सव्वीस मिनिटांची बाजू

वेल्समधल्या एका फार्मवर गोठ्याचा स्टुडिओ केला होता. तिथे बँडचा ऑर्गनवाला नेव्हिल प्रॉसर चार दिवस धड एका जागी बसला नव्हता. साल बाहत्तर, महिना मार्च. नव्या रेकॉर्डची पहिली बाजू म्हणजे त्याची एकच सलग रचना, आणि ती भरली सव्वीस मिनिटं. ध्वनिमुद्रक ऑब्रीने सांगून टाकलं, एवढं एका बाजूवर कोंबलं तर आवाज मरेल. चार मिनिटं कापायलाच हवीत.

गिटारवाल्या ड्युरंटचं म्हणणं, त्यात विचार कसला करायचा? डेन्झिल एकटाच ड्रम वाजवतो तो तुकडा उडवा. तो तर बँड सोडून गेलाय.

डेन्झिल गेला होता तो नेव्हिलमुळेच. नेव्हिलने तोच तुकडा त्याच्याकडून एकतीस वेळा वाजवून घेतला. एकतिसाव्या वेळी तो अप्रतिम वाजला. मग डेन्झिलने काठ्या खुर्चीवर ठेवल्या आणि तो बर्मिंगहॅमला, मोटारींच्या कारखान्यात, जुन्या कामावर परत गेला.

नेव्हिल चिखलात फेऱ्या मारून आला. चहा ओतला, तसाच ठेवला.

"ड्रमच्या आधीची माझ्या ऑर्गनची चार मिनिटं काढ," तो ऑब्रीला म्हणाला.

"सगळी? अरे, वर्षभर घासलंयस त्यावर."

"सगळी."

ऑब्रीने टेपवर ब्लेड चालवलं.

जूनमध्ये रेकॉर्ड बाजारात आली. नेव्हिल ती घेऊन डेन्झिलच्या घरी गेला. डेन्झिलने कामाचे कपडेही न बदलता ती लावली. नेव्हिलच्या खिडकी ते दार येरझाऱ्या चालल्या होत्या. ड्रम आले, संपले. डेन्झिलने सुई उचलली.

"तुझं ऑर्गन कुठंय?"

"तुझं राहावं म्हणून कापलं."

"विचारायचंस तरी, लेका. मी त्यालाच तर उत्तर देत होतो. आता बघ, एकटाच बडबडतोय मी."

नेव्हिल मटकन खुर्चीत बसला. डेन्झिलने विचारलं, शनिवारी कुठे वाजवताय? कोव्हेंट्रीला, नेव्हिल म्हणाला.

"मग एकदा पुरतं वाजवू. एकदाच."

शनिवारी त्यांनी सव्वीसच्या सव्वीस मिनिटं वाजवली. निम्मे लोक उभे राहिले, काही मधेच बिअर आणायला गेले. ते कुणी मुद्रित केलं नाही. सोमवारी डेन्झिल कारखान्यात हजर झाला. नेव्हिल बँडच्या गाडीतून लीड्सला निघाला. वाटभर त्याची बोटं मांडीवर चालतच होती.