परीक्षकांच्या आवडीची धून

शशिकांत अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात खरेदी खात्याचा अधिकारी होता, आणि त्या खात्यानं त्याला आयुष्याचं एकच तत्त्व शिकवलं होतं. माल कसा आहे ते नंतर, आधी समोरच्या साहेबाला काय आवडतं ते काढा. त्याच्याकडे येणारे विक्रेते हेच करायचे. साहेबांना काजूकतली चालत नाही, अंजीर बर्फी चालते, हे पंपवाल्यांपासून पिंपवाल्यांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे लेकीचं, सईचं, नाव आंतरशालेय वाद्यवादन स्पर्धेत गेलं तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला, "परीक्षक कोण आहे?" सई काय वाजवणार, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

सई नववीत होती. शाळेच्या बँडपथकात ढोल-ताशे वाटून झाले आणि उरलेली क्लॅरिनेट हिच्या गळ्यात पडली. शशिकांतनं तेव्हाच कपाळावर हात मारला होता. सोसायटीत कुणाची मुलगी कीबोर्ड शिकते, कुणाची गिटार, आणि आपली वरातीतलं वाद्य फुंकते! पण पोरीला त्या काळ्या नळीनं वेड लावलं. दप्तर टाकलं की ती बदलापूरच्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत जाऊन उभी राहायची.

त्यातच घरी पोळ्यांना येणाऱ्या गंगूमावशीच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीला सई मावशीच्या गावी, जांभूळला गेली, बायका गात होत्या त्यांच्यात बसून राहिली आणि घरी येऊन ते गाणं क्लॅरिनेटवर शोधायला लागली. आधी नुसतंच शोधलं, मग त्यात स्वतःचं घालायला लागली. सुरुवात हळदीची, पण पुढे ती धून कुठल्या कुठे जायची, आणि दमून भागून घरी आल्यासारखी परत यायची. समोरच्या इमारतीतले एक आजोबा तेवढ्यासाठी गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. गंगूमावशी लाटणं हातात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "गाना आमचाच हाय, पन तू त्याचा येगलाच केलास गो!"

"मी स्पर्धेत हेच वाजवणार," सई म्हणाली.

"हळदीचं गाणं?" शशिकांत म्हणाला. "परीक्षक विचारतील, नवरदेव कुठाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर परीक्षकांची आवड काढायला त्यानं थेट उल्हासनगर गाठलं. तिथे दिपेश नावाच्या सिंधी गृहस्थाचं वाद्यांचं दुकान होतं. पेटीपासून पिपाणीपर्यंत सगळं विकायचा, आणि मुंबईपर्यंतच्या सगळ्या गवयांना ओळखतो असं स्वतःच सांगायचा. त्यानं शटरकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"साईं, अंदर की बात है. आप घर के आदमी हो इसलिए बता रहा हूँ. जज साहब ने खुद की एक धुन बनाई है, किरवाणी राग में. कोई बच्चा वो बजा दे ना, तो उनकी आँख में पानी आ जाता है."

शशिकांतच्याच डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. टेंडर उघडण्याआधी आतला आकडा हाती लागला होता! त्या आनंदात त्यानं दिपेशनं पुढे केलेला नोटेशनचा घडीचा स्टँडही घेतला. चकचकीत, लाल पिशवीतला. सई कधी कागदावर बघून वाजवत नव्हती, पण दिपेश म्हणाला, "स्टँड दिखता है तो बच्चा सीरियस लगता है." हे त्याला पटलं.

"अहो, तिला आवडतंय ते वाजवू द्या ना," त्याची बायको नीलिमा म्हणाली.

"आवड घरात. स्पर्धा म्हणजे टेंडर. आणि हे बाहेर कुणाला बोलू नकोस."

मग त्या घरात किरवाणी सुरू झाली. सकाळी किरवाणी, शाळेतून आल्यावर किरवाणी, पाहुणे आले की किरवाणी. शशिकांत सोफ्यावर बसून मोबाइलवर परीक्षकांची मूळ धून लावायचा आणि कान लावून दोन्ही ताडून बघायचा, जसा कारखान्यात माल नमुन्याशी पडताळायचा तसा. सुरातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण नमुन्याबाहेर गेलेलं बरोबर कळायचं. मधूनच सई गॅलरीत जाऊन आपलं जुनं वाजवायला लागली की हा चप्पल न घालता धावायचा.

"दोन्ही डोक्यात राहिलं तर ऐनवेळी गडबड होईल. ते विसर आता."

सई आधी भांडली, मग रडली, मग तिनं शहाण्या मुलीसारखं ऐकायला सुरुवात केली. गॅलरीतलं वाजवणं थांबलं. समोरच्या आजोबांची खुर्ची आत गेली. शशिकांतनं सुटकेचा निःश्वास टाकला. आता माल अगदी नमुन्याबरहुकूम तयार झाला होता.

स्पर्धा उल्हासनगरच्या एका सभागृहात होती. दारातून आत शिरताना शशिकांतच्या लक्षात एक गोष्ट आली. बासरीवाल्या मुलाच्या वडिलांच्या खांद्याला लाल पिशवी होती. व्हायोलिनवालीच्या आईकडे लाल पिशवी होती. पेटीवाल्याचा काका तर पिशवीतून तोच चकचकीत स्टँड काढून उघडत होता, आणि स्टँडचा एक पाय उघडत नव्हता. सगळे पालक एकमेकांकडे बघून चोरासारखे हसत होते. दिपेशला घरचे आदमी बरेच होते.

पहिल्या मुलानं किरवाणीची धून सुरू केली तेव्हा परीक्षक गुरुजींचा चेहरा फुलला, त्यांनी खरंच डोळ्यांना रुमाल लावला. दुसरीनं तीच सुरू केली तेव्हा त्यांनी शाल नीट केली. तिसऱ्याला त्यांनी चहा मागवला. चौथा, कीबोर्डवाला, तीच धून कीबोर्डातल्याच ढोलकीच्या ठेक्यावर वाजवायला लागला तेव्हा गुरुजी उठून उभे राहिले आणि माइक ओढून म्हणाले, "बाळांनो, माझ्यावर तुमचं प्रेम आहे, कळलं. पण आता कुणाकडे दुसरं काही असेल तर कृपा करून तेच वाजवा!"

शशिकांतला विजेचा झटका बसल्यासारखं झालं. दुसरं! साऱ्या सभागृहात दुसरं फक्त त्याच्या पोरीकडे होतं. तो खुर्च्यांच्या रांगा ओलांडत, कुणाच्या तरी पायावर पाय देत विंगेत पोचला. सई क्लॅरिनेट हातात धरून उभी होती. पुढचं नाव तिचंच होतं.

"सई, ते वाजव! जांभूळचं, हळदीचं! लवकर!"

सईनं त्याच्याकडे पाहिलं. मग क्लॅरिनेट ओठांना लावून अगदी हळू फुंकली. चार सूर हळदीचे आले. पाचव्याला बोटं वळली आणि मुकाट किरवाणीत शिरली. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"येत नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही विसर म्हणालात ना?"

नाव पुकारलं गेलं. ती स्टेजवर गेली आणि किरवाणीची धून तिनं एका सुराची चूक न करता वाजवली. गुरुजी छताकडे बघत होते. पहिलं बक्षीस वांगणीच्या यज्ञेश नावाच्या मुलाला मिळालं. तो तबला वाजवायचा, आणि तबल्यावर गुरुजींची धून वाजवता येत नाही म्हणून बिचाऱ्यानं स्वतः बसवलेलं काहीतरी वाजवलं होतं.

परतीच्या रिक्षात शशिकांतला मनातून फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की काहीतरी व्यवस्था लावायची, एवढंच त्याला येत होतं.

"असं करू," तो म्हणाला, "उद्या गंगूमावशी आली की तिला म्हणायला सांगू. मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो. मग तू ऐकून परत बसव."

"मावशीचं गाणं मला येतं, बाबा. चार सूर येतात ते तिचेच. पुढचं मी केलं होतं."

"मग ते कुठे मिळेल?"

सईनं स्टँडची लाल पिशवी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली आणि बाहेर बघत बसली. घर येईपर्यंत शशिकांत ती तशीच धरून बसला होता.