पुढचा डावा

मी पुढचा डावा बोलतोय. एका छोट्या, लाल, चपळ गाडीचा पुढचा डावा शॉकअप. सध्या मुक्काम मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराच्या माळ्यावर. शेजारी गणपतीच्या मखराचे खांब आहेत आणि एक बंद पडलेला मिक्सर. आम्ही चार भावंडं, दोन पुढची, दोन मागची. बाकीची तिघं निमूट पडून आहेत. मला पहिल्यापासून बोलायची खोड, आणि सांगण्यासारखंही माझ्याकडेच जास्त आहे, कारण ड्रायव्हरच्या शेजारची सीट माझ्या डोक्यावर होती.

जन्म परदेशातल्या कारखान्यातला. पोटात तेल आणि थोडी कोंडलेली हवा, अंगावर निळी आखूड स्प्रिंग, टाळूवर एक बटण. बटण फिरवलं की टिक वाजतं. जितके क्लिक, तितका मी कडक. गाडीबरोबर कंपनीचे जे साधे शॉकअप येतात, ते बिचारे खड्डा आला की मान लववतात. आम्हाला तसं कुणी शिकवलंच नाही. वळणावर गाडी झुकू द्यायची नाही, एवढंच आमचं काम. ताठा हाच आमचा गुण, आणि लोक त्याचेच पैसे मोजतात.

आम्हाला आणलं स्वरदाने. वय सत्तावीस, नोकरी पवईच्या एका ऑफिसात, जीव सगळा त्या लाल गाडीत. घाटकोपरच्या कुंडलिकने आम्हाला त्याच्या गॅरेजात बसवलं. गाडी तीन बोटं खाली आली.

“झकास बसली मॅडम,” हात पुसत तो म्हणाला. “आता रस्ता डायरेक्ट हाताला कळणार. फक्त घरच्यांना मागे बसवू नका, शिव्या घालतील.”

“घरचे पुढे बसतात,” स्वरदा म्हणाली.

घरचे म्हणजे भाऊ, तिचे वडील. सगळी सोसायटी त्यांना भाऊ म्हणायची म्हणून तीही भाऊच म्हणे. विमा कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी आवक-जावक सांभाळली होती. रिटायर झाल्यावर कचेरी सुटली, पण सवय काही सुटली नाही. घरातल्या डाळीच्या डब्यांवर, चाव्यांवर, छत्र्यांवरसुद्धा त्यांच्या हातची चिठ्ठी. ज्या वस्तूवर चिठ्ठी नाही ती बेवारस, असा त्यांचा कायदा होता. स्वरदाची आई, कुंदाताई, यावरून त्यांची फार चेष्टा करायच्या. “माझ्यावर तेवढी लावायची राहिली आहे,” म्हणायच्या.

रविवारी पहाटे आम्ही कसाऱ्याचा घाट चढायला जायचो. स्वरदा चालवायची, भाऊ शेजारी. निघण्याआधी ती बॉनेट उघडून आमची बटणं फिरवायची, मग मागे जाऊन मागच्यांची. पुढे आठ, मागे सहा. हा तिचा आवडता हिशेब. त्यावर गाडी वळणाला अशी चिकटायची की भाऊंसारखा फायलींत आयुष्य गेलेला माणूस खिडकीची दांडी धरून हसायचा. त्यांच्या अंगाचं वजन उजवीकडून डावीकडे माझ्यावर यायचं आणि परत जायचं. तसे दिवस माझ्या नशिबी पुन्हा आले नाहीत.

लोक म्हणतात लोखंडाला काही कळत नाही. भाऊंचं वजन उतरतंय हे सगळ्यांत आधी मला कळलं. एकाहत्तरचे पासष्ट झाले, पासष्टचे अठ्ठावन्न. घरात अजून “डाएट मानवलं हं तुम्हाला” असंच चाललं होतं. माणसांना सांगायला मला तोंड नव्हतं. पुढे पाठ दुखायला लागली, तपासण्या झाल्या आणि मणक्यात गाठ निघाली. आठवड्यातून पाच दिवस किरणांचा शेक घ्यायला हॉस्पिटल गाठायचं, आणि तेही मुलुंडहून पार शहरात.

टॅक्सी करू, असं कुंदाताईंनी पहिल्याच दिवशी सुचवलं होतं. “घरची गाडी असताना?” भाऊ म्हणाले. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं. स्वरदा ऑफिसला उशिरा जायची परवानगी काढून रोज त्यांना न्यायची. तो दीड तास लेकीच्या शेजारी बसायला मिळायचं.

आणि मग नाहूरच्या पुलाअलीकडचा तो रस्ता यायचा. एका रांगेत खड्डे, त्यावर टाकलेले पेव्हर ब्लॉक, ते उखडलेले. माझ्यासारख्याने तिथे काय करावं? स्वरदाने आमची बटणं सगळी उलटी फिरवून पाहिली. पण स्प्रिंग आखूड ती आखूडच. जो धक्का मी गिळायला हवा होता, तो मी जसाच्या तसा वर पाठवत होतो आणि वर भाऊंचा पोखरलेला मणका होता. त्यांची बोटं दांडीवर आवळायची.

“त्रास होतोय का भाऊ?”

“छे गं. तू रस्त्याकडे बघ.”

मी चांगला होतो, महागाचा होतो, आणि एका भल्या माणसाला रोज मारत होतो. त्या दिवसांत माझा ताठा मला नकोसा झाला. एकदा तरी वाकता आलं असतं तर बरं झालं असतं.

ते का सोसत होते, ते मला हॉस्पिटलच्या आवारात कळलं. स्वरदा व्हीलचेअर आणायला गेली होती. मागे बसलेल्या कुंदाताई म्हणाल्या, “तिला सांगा ना, जुने शॉकअप लाव म्हणावं. काढून ठेवलेत ना तिने?”

स्वरदा येत नाही ना, ते भाऊंनी आधी पाहून घेतलं.

“नाहीत ते आता,” मग म्हणाले. “तिने पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकले होते. चिठ्ठी नव्हती त्यावर. दिवाळीच्या आवराआवरीत मला वाटलं, बिल्डिंगच्या कामातलं उरलेलं लोखंड असेल. भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकलं.”

“अहो!”

“तिला नको सांगूस. चौतीस वर्षांत एक पाकीट नाही हरवलं माझ्या हातून. आणि लेकीची वस्तू मी न विचारता भंगारात घातली. दुखतंय म्हटलं की ती माळ्यावर चढणार.”

एवढ्याशा गोष्टीची केवढी लाज धरून बसले होते ते. दुखणं परवडलं, पण लेकीपुढे चूक कबूल करणं नको. नवीन साधा संच बाजारात मिळतो हे त्या माणसाला सुचलंच नाही. वस्तू हरवली की हरवली, तिची बदली नसते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

कुंदाताईंनी चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी नाहूरजवळ एका खड्ड्यात मी आपटलो आणि भाऊंनी तोंडात रुमाल कोंबला. मागून आवाज आला, “स्वरदा, गाडी बाजूला घे.” आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

स्वरदा स्टिअरिंगवर डोकं टेकून आधी हसली, मग रडायला लागली. “भाऊ, काय हो तुम्ही. लोखंड होतं ते. मला एकदा सांगायचंत ना.”

“चिठ्ठी लावायला हवी होतीस तू,” भाऊ पुटपुटले.

दुसऱ्याच दिवशी कुंडलिकने आम्हाला खोलून साधे, मऊ, नवे शॉकअप बसवले. आमची रवानगी घराच्या बाल्कनीत झाली. नव्या शॉकअपवरून हॉस्पिटलला जाऊन भाऊ परत आले आणि दारातच म्हणाले, “कुंदा, होडीतून आल्यासारखं वाटलं गं.” ऐकून मला बरं वाटलं. थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू?

पुढच्या रविवारी भाऊ बाल्कनीत स्टूल घेऊन बसले. अंगात ताकद नव्हती, तरी आम्हा चौघांना त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं. मध्येच आत हाक मारून विचारलं, “स्वरदा, ते क्लिक किती ठेवतेस गं तू?”

“पुढे आठ, मागे सहा. का हो?”

“सहज.”

मग प्रत्येकाला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं, आत एकेक चिठ्ठी सरकवली, वर सुतळी आवळली. चिठ्ठीत काय लिहिलंय ते मला कळलं नाही. अक्षरओळख नाही मला. त्यांच्या तळव्याची ऊब तेवढी कळली.

त्यानंतर ते त्या मऊ गाडीतून नऊ वेळा गेले. दहाव्या वेळी ॲम्ब्युलन्स आली. चौथ्या दिवशी घरात जो आवाज उठला, त्यावरून आम्हाला काय ते समजलं.

दोन महिन्यांनी कुंदाताई म्हणाल्या, “बाल्कनीतलं ते काढ गं. बघवत नाही मला.” स्वरदाने मोबाइलवर जाहिरात टाकली, आमच्या जुन्या फोटोंसकट. दिवसभर फोन. पण ती पैशांचं बोलायच्या आधी सगळ्यांना एकच विचारायची, “गाडीत कोण कोण बसतं?”

गोराईचा प्रज्योत फोनवर उत्साहाने सांगत होता, “मी असतो ना, आणि सकाळी आई. मासळीची पाटी घेऊन बोरिवलीच्या बाजारात सोडतो तिला.”

“वय काय आईचं?”

“असेल साठ-बासष्ट.”

“मग नको घेऊस.”

“ताई, तुम्ही पार्ट विकताय का माझा इंटरव्ह्यू घेताय?”

“तिला विचार, पाठ दुखते का,” स्वरदा म्हणाली आणि फोन ठेवला. असे सहा-सात जण गेले. कुणाची आजी, कुणाची पोटुशी बायको. विकायला काढलेल्या वस्तूला तिने असं गिऱ्हाईक नाकारलेलं पाहून मला तिची माया दाटून यायची. माझा अपराध ती आपल्या अंगावर घेत होती.

शेवटी गोरेगावचा निमेश आला. स्टुडिओत सेट उभारायचं काम करतो, एकटाच राहतो. “कोण बसणार ताई? मी आणि माझी बॅग,” म्हणाला. तो पास झाला. भाव ठरला. “फक्त तेल गळतंय का ते बघू दे,” असं म्हणत त्याने जवळचा गठ्ठा ओढला. तो मीच होतो. सुतळी सुटली, फडकं उलगडलं आणि चिठ्ठी त्याच्या हातात आली.

“हे काय लिहिलंय?”

स्वरदाने चिठ्ठी घेतली आणि मोठ्याने वाचायला लागली. “पुढचा डावा. क्लिक आठ. हे भंगार नव्हे. मालकीण: स्वरदा. माझे काम संपल्यावर मूळ जागी परत लावणे.” खाली सही आणि तारीख, कचेरीत करायचे तशी.

शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. मग तिथेच बाल्कनीच्या लादीवर बसली आणि गुडघ्यांत तोंड घातलं. कुंदाताई आतून धावत आल्या. निमेश अवघडून उभा राहिला. “ताई, मी नंतर येऊ का?” त्याने हळूच विचारलं. तिने मान हलवली. नंतरही नको, असं त्याला कळलं असावं. तो चप्पल घालून गेला.

चिठ्ठी तिने परत माझ्याजवळ ठेवली, सुतळी तशीच बांधली आणि आम्हाला माळ्यावर चढवलं. तेव्हापासून आम्ही इथे आहोत. विकत नाही, लावतही नाही. खाली लाल गाडी त्या मऊ शॉकअपवर हळूहळू ऑफिसला जाते आणि येते. कसारा तिने वर्षभरात पाहिलेला नाही.

स्वरदा, तुझ्यापर्यंत पोचलं तर एवढंच सांगायचं आहे. भाऊंनी आयुष्यात कुणाला हुकूम सोडला नाही, फक्त नोंद करून ठेवली. तेवढी एक नोंद पूर्ण कर. आम्हाला लाव. पुढे आठ, मागे सहा.

फक्त निघताना डाव्या सीटवर काहीतरी ठेव. त्यांची कचेरीची पिशवी ठेवलीस तरी चालेल. एकाहत्तर किलो मी पेललेत, मला काढलं तेव्हाचे शेहेचाळीसही पेललेत. ती सीट अगदी रिकामी मात्र मला पेलवायची नाही.