नाक धुणाऱ्या झारीची कैफियत

मी एक जुनी पितळी झारी आहे आणि लोकांची नाकं धुणं हे माझं काम आहे. तोंडं वाकडी करू नका, मित्रांनो. नाक तुम्हालाही आहे आणि तेही वाहतंच. माझ्या तोटीतून मिठाचं कोमट पाणी एका नाकपुडीत जातं आणि दुसरीतून बाहेर येतं. येताना आतली धूळ, फुलांचे परागकण घेऊन येतं. याला नेती म्हणतात. देवघरातल्या कलशाचा मान मला कधी मिळाला नाही, त्याचं मला काही वाटत नाही. माझं दुःख वेगळं आहे आणि ते मी आज सांगणारच.

माझा जन्म भंडाऱ्याला एका तांबटाच्या हातून झाला. सिंधुताईंनी मला माहेराहून भिलाईला, हुडको कॉलनीतल्या आपल्या घरी आणलं, ते त्यांचे यजमान तेजराम यांच्यासाठी. तेजराम तेव्हा स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. दसरा आला की इथल्या रस्त्यांवर सातवीण फुलते, मोकळ्या जागांत गाजरगवत माजतं, आणि तेजरामांचं नाक सुरू व्हायचं. काय त्या शिंका! शेजारचं कुत्रं झोपेतून उठून पळायचं. वर केबिनमध्ये बसून असा माणूस शिंकत असला म्हणजे खाली उभ्या असलेल्यांच्या जिवाला घोरच की.

सिंधुताई पाणी खळखळून उकळायच्या, कोमट होऊ द्यायच्या, त्यात मीठ घालायच्या आणि मला भरून यजमानांच्या हाती द्यायच्या. हळूहळू त्यांचं नाक मोकळं झालं. "अवो, ह्या झारीनं मले माणसात आणलं," ते म्हणाले. मी किती सुखावले म्हणून सांगू! सिंधुताई मला चिंचेने घासायच्या आणि उलटी ठेवून उन्हात वाळवायच्या. फार चांगले दिवस होते ते.

मग तेजराम रिटायर झाले आणि बिघडले. रिकामा वेळ आणि ऐकणारी चार डोकी मिळाली की माणसाचं काय होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. रोज सकाळी बगिच्यात जाऊन ते लोकांना नेती शिकवू लागले. तिथवर ठीक होतं. पण नाकाचा इलाज ते खोकल्याला सांगू लागले, दम्याला सांगू लागले, कशालाही सांगू लागले. कुठल्याशा शिबिरातून त्यांनी प्लास्टिकची नवी झारी आणली आणि मला कपाटावर टाकून दिलं. इतकी वर्षं ज्याचं नाक धुतलं, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

घरात त्यांची सून नीतू आणि तिची मुलगी गुंजन असायची. गुंजन दुसरीत होती. सातवीण फुलली की आजोबांसारखंच तिचंही नाक गळायचं, पण तिचं दुखणं नाकापाशी थांबायचं नाही. छातीतून शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी तिला श्वासाबरोबर ओढायचा पंप दिला होता. तो घेतला की पोर थोड्या वेळात पुन्हा खेळायला लागायची. तेजरामांना ते बघवेना. "पंप एकदा लागला का जन्मभर सुटत नाई," ते नीतूला म्हणायचे. नीतू लक्ष द्यायची नाही. मग एक दिवस बगिच्यात कुणी नातीची चौकशी केली. पंप कधीच बंद केला, सगळं कुदरती इलाजानं चाललं आहे, असं हे गृहस्थ सांगून आले आणि घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सिंधुताईंनाही ऐकवलं.

खोटं बोलून झालं होतं, आता ते खरं करायचं होतं. दुपारी घरात कुणी नव्हतं. त्यांनी स्टूल लावलं, माझं झाकण काढलं आणि गुंजनचा पंप माझ्या पोटात टाकला. मित्रांनो, मला तोंड आहे, तोटी आहे, पण आवाज नाही. नाहीतर मी सारी कॉलनी गोळा केली असती.

त्याच आठवड्यात दिवाळीची साफसफाई निघाली. नीतूने पंखे पुसले, घरभर धूळ उडाली, आणि संध्याकाळी गुंजन धापा टाकू लागली.

"आई, पंप," एवढंच तिला बोलता आलं.

नीतूने दप्तर उलटं केलं, ड्रॉवर ओढले, गाद्या उचलल्या. "बाबा, तुमी पाहिला का हिचा पंप?"

"नाई बा," तेजराम म्हणाले. "घाबरू नको. मी आहो ना."

त्यांनी वाफ दिली. हळदीचं दूध आणलं, ते तिला गिळवेना. शेवटी ती प्लास्टिकची झारी तिच्या नाकाला लावली. जिला श्वास घेता येत नाही, तिच्या नाकात पाणी! पोर गुदमरली. ओठ निळे पडू लागले. नीतू रडत ऑटोवाल्याला फोन लावत होती, आणि मी वर, पोटात तिचं औषध घेऊन बसले होते. मला त्या माणसाची किळस आली.

तेजरामांचे डोळे पुन्हा पुन्हा कपाटावर जात होते. ते सिंधुताईंनी पाहिलं.

"काय पाहून राहिले जी तुमी वरतं?"

"काई नाई."

"मंग कावून पाहून राहिले?"

उत्तराची वाट न पाहता त्या दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढल्या. मला ओढून खाली घेतलं, झाकण काढून उलटं केलं, आणि पंप फरशीवर पडला. नीतूने झडप घालून तो उचलला आणि गुंजनच्या तोंडाला लावला. हळूहळू शिट्टी कमी झाली, ओठांवर रंग आला.

"तिच्या भल्यासाठीच केलं म्या," तेजराम म्हणाले.

"तिच्या का तुमच्या?" सिंधुताईंनी विचारलं. नातीला उचलून त्या नीतूबरोबर दवाखान्यात गेल्या. तेजरामांना कुणी सोबत चला म्हटलं नाही.

आता पंप टीव्हीशेजारी, सगळ्यांच्या नजरेसमोर असतो. प्लास्टिकची झारी कचऱ्यात गेली. डॉक्टरांनी सांगितलं, नाक खुशाल धुवा, पण पंप सोडू नका. म्हणून सिंधुताईंनी मला घासूनपुसून गुंजनसाठी काढलं. गुंजन मला नाकाजवळ येऊ देत नाही. तिचं नाक मी मोकळं करू शकते, तेवढं मला नक्की येतं, आणि तीच पोर मला पाहून आईच्या मागे लपते. मी तिचं काय वाकडं केलं होतं?

मित्रांनो, माझ्यात उकळून कोमट केलेलंच पाणी घाला आणि काम झालं की मला कोरडं करा. मला नाकापुरतं ठेवा. छातीत शिट्टी वाजली तर माझ्याकडे येऊ नका, पंप घ्या आणि दवाखाना गाठा. एवढं ऐकलंत तरी माझी ही बडबड कामी आली म्हणेन.

तेजराम आता बगिच्यात जात नाहीत. सातवीण फुलली की सकाळी मोरीपाशी मला घेऊन एकटेच उभे राहतात. ते पाणी ओतणार, इतक्यात गुंजन दारात येते.

"आबा, पहले उलटा करके दिखाओ."

ते मला उलटी करून माझं रिकामं पोट तिला दाखवतात. ती वाकून आत नीट पाहते, आणि मगच त्यांना पाणी भरू देते.