एका शोकसभेच्या दोन लिंका

प्रभाताईंनी वर्ध्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं आणि आठ निवडणुकांत केंद्रावर ड्युटी केली. मतासाठी माणूस किती खाली वाकतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण परदेशात सिटीवेस्टला लेकीकडे, केतकीकडे, तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या, करोनामुळे नऊ महिने अडकल्या, आणि इथल्या मराठी मंडळाची निवडणूक पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. जेमतेम दीडशे मतं. पगार नाही, मानधन नाही, आणि तरी दोन पॅनेलं हमरीतुमरीवर आलेली. एक विक्रांतचं, दुसरं पद्माकरचं. दोघंही सॉफ्टवेअरवाले, दोघंही सिटीवेस्टचे, आणि दोघांच्याही जाहीरनाम्यात तोच गणपती न् तीच दिवाळी पहाट.

यंदा दोघांची मतं जवळपास सारखी भरत होती. मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की मंडळाच्या घटनेप्रमाणे सभासदाच्या घरी राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला मत आहे, म्हणजे लॉकडाउनमध्ये अडकून पडलेल्या चौदा आईवडिलांनाही. झालं. नऊ महिन्यांत ज्यांनी साधा फोन केला नव्हता, त्यांना काका-काकूंचा पुळका आला. सकाळी विक्रांतच्या चकल्या दाराशी, दुपारी पद्माकरचे अनारसे. तब्येतीची चौकशी तर दोघंही अगदी त्याच शब्दांत करायचे. प्रभाताईंनी चकल्या खाल्ल्या, पण कळवळा काही गळ्याखाली उतरला नाही.

त्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि तीही स्वतःसाठी नव्हे. इथल्याच नावन गावी मुलाकडे, नरेशकडे, राहणारे अकोल्याचे शशिकांतभाऊ असेच अडकलेले. ऑनलाइन हरिपाठात दोघांची ओळख झाली होती. ऑक्टोबरात त्यांची बायको सुहासिनी तिकडे अकोल्यात अचानक गेली. वेळेत विमान मिळालं नाही, आणि अग्नी दिलेला त्यांनी मोबाइलवर पाहिला. गावी असते तर तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसती. इथे पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, आणि मुलगा-सून दिवसभर मीटिंगात. रोज दहाला ते प्रभाताईंना फोन करायचे आणि हवेपाण्याचं बोलून ठेवून द्यायचे. बायकोचं नाव घ्यायला गेले की आवाजच बसायचा. माणूस आतल्या आत कुढून चालला होता, आणि प्रभाताईंचा जीव तुटत होता. चार माणसं समोर बसली तर हे बोलतील, मोकळे होतील, एवढंच त्यांना वाटत होतं.

म्हणून त्यांनी दोन्ही पॅनेलांना सांगितलं, "सगळ्यांनी मिळून झूमवर एक शोकसभा घ्या. भाऊंना बोलू द्या."

"नक्की काकू," दोघंही म्हणाले.

बुधवारी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पोस्टर झळकली. गुरुवार, संध्याकाळी सात. दोन्हींवर तीच वेळ, सुहासिनीचा तोच फोटो, आणि खाली आपापल्या उमेदवारांचे हसरे चेहरे. लिंका दोन.

प्रभाताईंनी विक्रांतला फोन लावला. "सात ही वेळ आमची होती काकू, त्यांनी ढापली." पद्माकरनेही हेच ऐकवलं. मग एकाने आठला घ्या, असं त्यांनी सुचवलं. "माघार घेतल्यासारखं दिसेल हो," पद्माकर म्हणाला. गेलेल्या बाईच्या सभेत कसली आलीये माघार? प्रभाताईंना अक्षरशः शिसारी आली.

गुरुवारी त्यांनी मोबाइलवर विक्रांतची सभा लावली आणि लॅपटॉपवर पद्माकरची. विक्रांत ज्येष्ठांसाठी काय काय करणार ते सांगत होता. पद्माकरच्या सभेत कुणीतरी चॅटमध्ये लिहिलं, 'आपण ५१, तिकडे ४८'. शशिकांतभाऊंचा चेहरा कुठेच दिसेना. प्रभाताईंनी केतकीचा फोन घेऊन भाऊंना लावला.

"भाऊ, कुठे आहात? सभेत का नाही?"

"नरेश म्हणाला, बाबा, कुठेच जाऊ नका. एकीकडे दिसलात तर दुसरे डूख धरतील. त्याला दोन्हीकडचे लागतात नं." मग म्हणाले, "मी पांढरा सदरा घालून बसून राहिलो होतो, ताई."

प्रभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मस्तकात तिडीक गेली. फोन तसाच हातात धरून त्यांनी लॅपटॉपचा माइक चालू केला.

"पद्माकर, जरा थांबा. ज्याची बायको गेली, तो माणूस इथे नाही. कुणाच्या लक्षात तरी आलं का?"

पद्माकर कॅमेऱ्याच्या जवळ सरकला. त्याचा चेहरा पडला होता.

"म्हणजे ते तिकडे आहेत का, काकू?"

"नाही. तिकडेही नाहीत."

त्याने सुटकेचा श्वास सोडला, आणि तो सगळ्यांना ऐकू गेला.

प्रभाताईंनी लॅपटॉप मिटला, मोबाइलही बंद करून टाकला. हातातल्या फोनवर शशिकांतभाऊंनी सगळं ऐकलं होतं.

"सुहासिनीनं ह्यांना दारातूनच हाकललं असतं, ताई," ते म्हणाले. "तोंड फार तिखट होतं तिचं. लग्नाआधी मलाच एकदा..."

केतकीने जेवायला दोनदा हाक मारली, तरी ते बोलत होते.